सक्तीची मात्रा किती?

चाळीतील दहा बाय बाराची खोली. राहणारी माणसे सहा. घरातील कर्त्या पुरुषाला क्षयरोग झाला आहे आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. दोन महिने गोळ्या घेतल्यावर त्याचा खोकला कमी झाला, परंतु मळमळ, अशक्तपणा आणि पायांना सतत मुंग्या येणे सुरू झाले. शिवाय कामावर न गेल्यामुळे रोजंदारी बंद. अखेर त्याने गोळ्या सोडल्या आणि तो पुन्हा कामावर, म्हणजेच पुन्हा लोकलच्या गच्च भरलेल्या डब्यात, जाऊ लागला. हे उदाहरण कल्पित आहे. मात्र मुंबईतील कोणत्याही क्षयरोग केंद्रातील कर्मचाऱ्याला त्यात नवल वाटण्याजोगे काही सापडणार नाही.

या माणसाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे काय? मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाबाबत उत्तर सोपे आहे. त्याने औषध घेतले नाही तर नुकसान त्याचे स्वतःचे. डॉक्टरांनी समजावावे, नातेवाइकांनी विनवावे, पण अखेरचा शब्द रुग्णाचा. संसर्गजन्य रोगाचे तसे नाही. तेथे रुग्णाच्या नकाराची किंमत त्याच्या शेजारी बसलेला, त्याला न ओळखणारा माणूस मोजत असतो. ज्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचा जोरकस पुरस्कार केला, त्यानेही इतरांना इजा होऊ नये म्हणून सत्तेचा वापर करता येतो, हे मान्य केले होते. तेव्हा सक्ती कधीच नको, असे म्हणणारा पक्ष फारसा टिकत नाही. खरा वाद सक्तीच्या मात्रेचा आहे. ती कोणावर, किती, किती काळ आणि कशाच्या मोबदल्यात, हा प्रश्न आहे.

आपल्या राज्यघटनेतही हा ताण जागोजागी दिसतो. अनुच्छेद २१ जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण करतो. अनुच्छेद १९ देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क देतो आणि लगेच सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही देतो. ‘वाजवी’ या एका शब्दावर सारा डोलारा उभा आहे. त्याचा अर्थ काय होतो हे समजून घेण्यासाठी कायद्याच्या पुस्तकांपेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडतो, आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच पुण्यात घडले आहे.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ‘साथरोग कायदा’ संमत झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. साथ रोखण्यासाठी सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय करण्याची मोकळीक त्याने दिली, आज्ञाभंगाला शिक्षा ठरवली आणि सद्हेतूने कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिले. रुग्णासाठी त्यात एक ओळही नव्हती. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या घेतल्या. देवघरात, स्वयंपाकघरात बूट घालून शिरणे, स्त्रियांची उघड्यावर तपासणी, सामानाची नासधूस आणि संशयितांची ‘सेग्रिगेशन कँपां’त रवानगी यांच्या कहाण्या पुणेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आल्या आहेत. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली. हा भाग आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतो.

फारसे सांगितले जात नाही ते पुढचे. गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला होत नाही. तो उंदरांवरील पिसवांमार्फत होतो. पिसवांची ही भूमिका पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवली, आणि तीही सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे पुण्यात सोजीर ज्या रुग्णांना घराघरातून हुडकून काढत होते ते साथीचे मुख्य वाहक नव्हतेच. खरे वाहक जमिनीखालच्या बिळांत होते. आणि झडतीच्या भीतीने लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवत, मृत्यू दडवत, रातोरात गाव सोडून पळत. पळताना कपड्यालत्त्याच्या बोचक्यांतून पिसवाही सोबत नेत. साथ आटोक्यात आणण्यासाठी केलेल्या सक्तीने साथीलाच वाट करून दिली असावी, असे मानण्यास जागा आहे. पुढे सरकारने झडत्यांचा मार्ग सोडला, हाफकिन यांच्या ऐच्छिक लसीवर भर दिला. आणि गंमत अशी की उंदीर पडू लागताच गावेच्या गावे आपणहून माळावर झोपड्या बांधून राहायला जाऊ लागली. जे बंदुकीच्या धाकाने झाले नव्हते ते अनुभवाने झाले.

त्याच वर्षी त्याच पुण्यात दुसऱ्या प्रकारचेही काम चालू होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे घेऊन जात. अशाच एका आजारी मुलाला नेताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला वस्तीपासून दूर नेणे हीच कृती सोजीरही करत होते आणि सावित्रीबाईही. एका ठिकाणी दंगा झाला, दुसऱ्या ठिकाणी झाला नाही. या फरकात या विषयाचे अर्धे सार आहे.

प्लेगच्या त्याच जागतिक साथीत सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिकाऱ्यांनी १९००मध्ये चिनी वस्तीभोवती दोर बांधून ती बंद केली. मात्र दोर बांधताना त्याच गल्लीतील गोऱ्यांच्या इमारती वगळल्या. न्यायालयाने तो बंदोबस्त रद्द केला. कारण जंतू कातडीचा रंग पाहून थांबत नाही, तेव्हा ही रेषा आरोग्याची नव्हती, वंशाची होती. पाचच वर्षांनी, १९०५मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देवीची लस घेण्यास नकार देणाऱ्या हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाविरुद्ध निकाल दिला. सक्तीच्या लसीकरणाचे समर्थक आजही या निकालाचा दाखला देतात. त्यातील एक तपशील मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. जेकबसन यांना बांधून लस टोचली गेली नाही. त्यांना पाच डॉलर दंड झाला होता आणि न्यायालयाने तेवढाच वैध ठरवला.

दंडाने भागत नाही तेव्हा काय करायचे, याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण म्हणजे मेरी मॅलन. आयर्लंडहून न्यूयॉर्कला आलेली ही स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत होती. पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू कायमचे मुक्कामाला होते. ती ज्या घरांत काम करी तेथे ताप येई. जॉर्ज सोपर नावाच्या तपासनिसाने १९०६-०७मध्ये हा धागा जुळवला आणि १९०७मध्ये पोलिसांच्या मदतीने तिला पकडून नॉर्थ ब्रदर बेटावरील रुग्णालयाच्या आवारात ठेवण्यात आले. आपल्याला कधी ताप आला नाही, मग आपण रोग कसा पसरवतो, हे तिला शेवटपर्यंत पटले नाही. १९०९मध्ये तिने सुटकेसाठी न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. १९१०मध्ये स्वयंपाकाचे काम करणार नाही, या अटीवर तिला सोडले. आणि १९१५मध्ये ती दुसऱ्या नावाने एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करताना सापडली. तेथे २५ जणांना टायफॉइड झाला होता आणि त्यांपैकी दोघे दगावले. तिला पुन्हा बेटावर नेले गेले ते १९३८मध्ये मृत्यू येईपर्यंत. दोन्ही मुदती मिळून आयुष्याची सुमारे २६ वर्षे.

मेरीने शब्द मोडला, माणसे मेली. मग तिला कोंडले यात चूक काय, असे सहज वाटते. १९१५नंतर तिच्याबाबत सहानुभूती ठेवणे खरोखरच कठीण आहे. परंतु न्यूयॉर्कमध्ये त्या काळात टायफॉइडचे निरोगी वाहक शेकड्यांनी आढळले होते आणि त्यांतील काहींमुळे तिच्याहून अधिक लोक आजारी पडले होते. आयुष्यभर कोंडली गेली ती मेरी. ती परदेशातून आलेली, अविवाहित, तापट आणि मोलमजुरी करणारी बाई होती. स्वयंपाक सोडून तिला कपडे धुण्याचे काम करावे लागले, ज्यात पैसे बरेच कमी मिळत. जी एकमेव कला तिला चांगला पगार मिळवून देत होती ती समाजाने तिच्याकडून काढून घेतली. त्याच्या बदल्यात तिला निवृत्तिवेतन द्यावे असे कोणालाही वाटले नाही. तसे दिले असते तर १९१५ टळले असते काय? हे कोणी सांगू शकणार नाही. पण स्वातंत्र्य हिरावून घेण्यापूर्वी हा स्वस्त उपाय करून पाहिला गेला नाही, एवढे निश्चित.

चुकीच्या रोगासाठी योग्य ठरू शकणारी सक्ती वापरली की काय होते, ते गोव्याने दाखवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८०च्या दशकात अशी तरतूद घालण्यात आली की एचआयव्हीबाधित व्यक्तीला वेगळे ठेवलेच पाहिजे. फेब्रुवारी १९८९मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, त्याने रक्तदान केल्यानंतरच्या चाचणीच्या आधारे, पोलिसांनी नेले आणि म्हापशातील एका जुन्या, वापरात नसलेल्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये ठेवले. आपल्याला काय झाले आहे हे त्याला धड सांगण्यातही आले नव्हते. ६४ दिवस तो तेथे होता. एचआयव्ही हवेतून पसरत नाही, स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे १९८९मध्येही वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक होते. डॉमिनिकची आई ल्यूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. व्यक्तीचा हक्क आणि जनहित यांत संघर्ष आला तर जनहित वरचढ ठरते, हा त्यामागील विचार. नंतर कायदा सौम्य करण्यात आला. डॉमिनिक १९९२मध्ये गेला. तोपर्यंत तो एचआयव्हीबाधितांच्या हक्कांचा देशातील पहिल्या फळीतील आवाज बनला होता.

या निकालातील तत्त्वाशी भांडण्याचे कारण नाही. चूक तत्त्वात नव्हती, वस्तुस्थितीत होती. जनहित आणि व्यक्तिहक्क यांत येथे संघर्षच नव्हता. डॉमिनिकला कोंडल्याने एकही गोवेकर अधिक सुरक्षित झाला नाही. उलट चाचणी केली तर पोलीस येतात, एवढा धडा मात्र सर्वांना मिळाला. २०१७च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो सप्टेंबर २०१८पासून अमलात आला, अशा व्यक्तीला वेगळे ठेवणे हा भेदभाव ठरवून त्यास मनाई केली. कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमांत ठेवण्यास मुभा देणारा १८९८चा कायदा तर २०१६पर्यंत केंद्रीय कायद्यांच्या पुस्तकात होता. बहुविध औषधोपचार सुरू होताच कुष्ठरोग्यापासून संसर्ग होण्याची शक्यता फार लवकर संपते, हे तेव्हा कित्येक वर्षांपासून माहीत होते.

या सर्व प्रकरणांतून काही प्रश्न आपोआप पुढे येतात आणि आधुनिक न्यायशास्त्राने ते वेगवेगळ्या शब्दांत मांडलेही आहेत. १९८४ची संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळातील ‘सिराक्यूझा तत्त्वे’ असोत किंवा खासगीपणाच्या हक्काबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये दिलेला पुट्टस्वामी निकाल असो, कसोटी साधारण एकच आहे. निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, त्याने धोका खरोखर कमी व्हायला हवा, त्याहून सौम्य उपाय उपलब्ध नसावा आणि तो मनमानी नसावा. पुण्याच्या झडत्या आणि गोव्याचे सॅनेटोरियम दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात. मेरीची दुसरी कैद दुसऱ्या प्रश्नाला उतरते, तिसऱ्याला नाही.

आता त्या चाळीतल्या खोलीकडे वळू. क्षयरोग हा या कसोटीसाठी सर्वांत अवघड आजार आहे, कारण तो खरोखरच हवेतून पसरतो, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि अर्धवट सोडलेले औषध जंतूला अधिक निबर करते. म्हणूनच एकेकाळी जगभर रुग्णाला डोंगरावर, मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर ठेवण्याची पद्धत होती. आपल्याकडे पाचगणी, मिरज येथील सॅनेटोरियमे त्याच काळातील. श्रीमंतांना ते परवडे. गरिबांसाठी खाटा कधीच पुरल्या नाहीत.

या पद्धतीचा पाया एका भारतीय प्रयोगाने उखडला. १९५६मध्ये मद्रास येथे क्षयरोग उपचार केंद्र स्थापन झाले आणि तेथे १९३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवून, चांगले अन्न आणि विश्रांती देऊन औषधे देण्यात आली. दुसऱ्या गटाला तीच औषधे घरी. आणि घर म्हणजे मद्रासच्या गरीब वस्तीतील दाटीवाटीच्या खोल्या, निकृष्ट जेवण, बहुतेकांना कामधंदाही सुटलेला नाही. १९५९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगाला आश्चर्य वाटले. बरे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना सॅनेटोरियममधील रुग्णांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक क्षयरोग झाला नाही. घरच्यांना जो काही संसर्ग व्हायचा तो निदानापूर्वीच झालेला असतो. औषध लागू पडले की रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटते. सॅनेटोरियमे पुढे जगभर बंद होत गेली.

या प्रयोगाकडे सहसा वैद्यकीय यश म्हणून पाहिले जाते. नागरी स्वातंत्र्याच्या इतिहासातही त्याला तेवढेच मोठे स्थान मिळायला हवे. समाजाची सुरक्षितता रुग्णाला दूर नेण्यात नसून त्याच्यापर्यंत औषध नेण्यात आहे, हे त्याने आकड्यांनिशी सिद्ध केले. स्वातंत्र्य आणि सुरक्षितता या एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, ही आपली नेहमीची समजूत निदान क्षयरोगापुरती चुकीची आहे.

मग तरीही माणसे औषध सोडतात ती का? ‘बेजबाबदार रुग्ण’ हे उत्तर सोयीचे आहे, पण बरेचदा अपुरे. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये धारावीतील १०६ खासगी डॉक्टरांना क्षयरोगावरील औषधांची चिठ्ठी लिहायला सांगितली. ६३ वेगवेगळ्या प्रकारच्या चिठ्ठ्या आल्या. अचूक होत्या फक्त सहा. त्यानंतर लवकरच मुंबईत जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण नोंदवले गेले आणि जगभर खळबळ उडाली. ज्या रुग्णाला चुकीच्या चिठ्ठ्यांनी प्रतिरोधक जंतूचा धनी बनवले, त्यालाच समाजाला धोका म्हणून कोंडण्याची भाषा करणे कितपत न्याय्य? २०१२पासून क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक झाले आणि २०१८च्या अधिसूचनेने ती न कळवणारे डॉक्टर, रुग्णालये व औषधविक्रेते यांना शिक्षेच्या कक्षेत आणले. सक्तीचा रोख येथे रुग्णावर नसून व्यवस्थेवर आहे. ही दिशा योग्य म्हटली पाहिजे.

उलट बाजूचेही एक प्रकरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पाटण्याच्या १८ वर्षांच्या एका मुलीला अतिप्रतिरोधक क्षयरोग होता. बेडाक्विलिन हे नवे औषध तेव्हा मोजक्याच सरकारी केंद्रांत मिळत होते, आणि ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून तिला ते नाकारण्यात आले. वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७मध्ये औषध देण्याचे मान्य झाले. २०१८मध्ये ती गेली. उपचार घ्या म्हणून मागे लागण्याचा हक्क ज्या शासनाला हवा, त्याच्याकडे उपचार मागणाऱ्यालाच वर्षभरापूर्वी न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला होता.

म्हणजे क्षयरोगात सक्तीला जागाच नाही काय? आहे, पण ती कोठे आणि किती, याचा एक बऱ्यापैकी नमुना न्यूयॉर्कने घालून दिला. १९८०च्या दशकात तेथे निधीकपात, बेघरपणा आणि एड्स यांमुळे क्षयरोग पुन्हा उसळला. हार्लेममधील एका रुग्णालयातून १९८८मध्ये घरी पाठवलेल्या क्षयरुग्णांपैकी ८९ टक्के पुढे उपचारांतून गळाले होते. १९९२मध्ये शहरात ३,८११ नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या वर्षी शहराने नियम बदलले आणि वारंवार उपचार सोडणाऱ्याला, तो त्या क्षणी संसर्गजन्य नसला तरीही, उपचार पूर्ण होईपर्यंत रुग्णालयात ठेवण्याचा अधिकार घेतला. अधिकार भयंकर व्यापक होता. त्याच्या भोवतीचे कुंपणही तितकेच भक्कम होते. आधी सौम्य उपाय करून पाहिले पाहिजेत, रुग्णाने हरकत घेतल्यास प्रकरण मुदतीत न्यायालयापुढे गेले पाहिजे, वकील परवडत नसेल तर शहराने दिला पाहिजे आणि ठरावीक काळाने फेरविचार झाला पाहिजे. सौम्य उपाय म्हणजे काय, तर आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाच्या घरी, कामाच्या जागी, प्रसंगी पुलाखाली जाऊन रोज गोळी देणे. बसचे भाडे, जेवण, निवारा यांची सोय करणे. पहिल्या दोन वर्षांत आठ हजारांहून अधिक रुग्णांपैकी प्रत्यक्ष कोंडावे लागले ते दीडशेहूनही कमी. २०००पर्यंत शहरातील रुग्णसंख्या १९९२च्या सुमारे एक तृतीयांशावर आली. हे यश कुलपाचे की बसभाड्याचे, याची विभागणी कोणी करू शकणार नाही. पण शंभरांतील अठ्ठ्याण्णवांना कुलपाची गरज पडली नाही, हे आकडे सांगतात.

आपल्याकडे असे कुंपण कोठे आहे? मार्च २०२०मध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्राने हाती घेतला तो तोच १८९७चा चार कलमी कायदा. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, इमारती बंद झाल्या. सप्टेंबर २०२०मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी. ती आवश्यकच होती. परंतु ‘धोकादायक साथरोग’ म्हणजे काय याची व्याख्या, अलगीकरणाची कमाल मुदत, आदेशाविरुद्ध अपील, बुडालेल्या मजुरीची भरपाई यांतील काहीही त्यात आजही नाही. मे २०२२मध्ये जेकब पुलियेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, मात्र जनहितार्थ प्रमाणशीर निर्बंध घालता येतील, असा निर्वाळा दिला. फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात हा जुना कायदा अपुरा असल्याचे सांगून त्यात दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा आणावा, अशी शिफारस केली.

कायदा तोच असूनही अंमलबजावणी किती वेगळी असू शकते, हे धारावीत दिसले. जेथे आठ-दहा माणसे एका खोलीत राहतात आणि शौचालय सार्वजनिक असते, तेथे ‘घरीच वेगळे राहा’ हा सल्ला निरर्थक होता. महापालिकेने शाळा, सभागृहे, क्रीडासंकुले ताब्यात घेतली. तेथे जेवण, डॉक्टर आणि औषधे यांची व्यवस्था केली. स्थानिक खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघर तपासणी केली. सारे स्वखुशीने गेले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. भीती होतीच. तरीही १८९७चा कायदा हाताशी असताना १८९७ घडले नाही, याचे श्रेय त्या जेवणाच्या ताटालाही द्यावे लागेल.

क्षयरोगाबाबत हे ताट अजून अर्धेच भरले आहे. २०१८पासून ‘निक्षय पोषण योजने’त क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले; नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. झारखंडमधील एका मोठ्या चाचणीचे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, रुग्णाच्या कुटुंबाला पुरेसा शिधा दिल्यास घरातील इतरांना क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. औषधप्रतिरोधक क्षयरोगावरील सहा महिन्यांच्या, इंजेक्शनविरहित उपचारपद्धतीला २०२४मध्ये आपल्या देशात मान्यता मिळाली. पूर्वी हेच उपचार दीड-दोन वर्षे चालत. उपचार जितके सुसह्य, तितके ते सोडणारे कमी आणि तितकी सक्तीची गरजही कमी.

राहता राहिला प्रश्न बुडणाऱ्या मजुरीचा. संघटित क्षेत्रातील, कर्मचारी राज्य विमा योजनेचा लाभ असलेल्या कामगाराला क्षयरोग झाला तर विशिष्ट अटी पूर्ण केल्यास दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के इतका आजारपणाचा भत्ता मिळू शकतो. चाळीतल्या त्या खोलीतील रोजंदारी कामगाराला ही योजना लागू नाही. त्याच्या हाती महिन्याचे १,००० रुपये पडतात. मुंबईत बिगारी कामगाराला तेवढे मिळवायला दोन दिवसही लागत नाहीत.